पेनाच्या डब्यातलं गाजर

१

इंजेक्शनच्या डब्यात गाजर निघालं, तेव्हा आत्या आधी हसली. घरात कोणीतरी गंमत केली असणार, असं तिला वाटलं. आमच्या घरात गंमत करण्याची कुवत कोणातच नाही हे तिला जरा उशिरा आठवलं आणि मग तिने मला हाक मारली. मी खालच्याच मजल्यावर राहते. हाक अशी होती की मी ब्रश तोंडात ठेवूनच वर धावले.

"हे बघ," आत्या म्हणाली.

ओट्यावर औषधाचा चपटा, लांबट डबा उघडा पडला होता. त्यात एक पेन असायला हवं होतं. शाईचं नव्हे, सुईचं. भूक आवरण्यासाठी आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं. ते पेन गायब होतं. पेन ज्या खाचेच्या ट्रेमध्ये बसून येतं, तो ट्रेही गायब होता. त्यांच्या जागी एक मध्यम बांध्याचं, निरोगी गाजर पहुडलं होतं.

"काल होतं का पेन?" मी फेस गिळून विचारलं.

"डबा होता. मी रोज उचलून बघते. जड लागला की परत ठेवते. उघडला आजच."

"आता दुसरं आणू या."

"कुठून? दुकानदार म्हणाला, हा शेवटचा डबा. नवा माल पुढच्या महिन्यानंतर."

मग मात्र मी ब्रश तोंडातून काढला.

माझ्या बाबांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिलेला आहे. आठवड्यातून तीनदा त्यांना दवाखान्यात यंत्राला जोडतात, रक्त धुतात आणि परत पाठवतात. माझा रक्तगट जुळला नाही. काका बोटीवर असतो आणि त्याला स्वतःलाच मधुमेह आहे. जुळली ती एकटी आत्या, बाबांची सगळ्यात धाकटी बहीण, जिला अख्खं घर 'बारकी' म्हणतं. अडचण एवढीच होती की बारकी बारकी नव्हती. दवाखान्याने स्पष्ट सांगितलं, एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही, त्यात तिच्याच जिवाला धोका. आधी वजन उतरवा. आणि नुसतं उतरवू नका, वर्षभर उतरलेलं ठेवून दाखवा.

आत्या बंदरात क्रेन चालवते. पूर्वी ती पिंजऱ्याच्या लिफ्टने वर केबिनमध्ये जायची, दिवसभर बसायची आणि लिफ्टने खाली यायची. आता ती लोखंडी जिन्याने चढते, जिन्याने उतरते, संध्याकाळी वजनं उचलते, आणि ते इंजेक्शन तिच्या पोटातल्या कावळ्यांना गप्प बसवतं. वजन उतरलं. पण उतरवणं म्हणजे चिकट पाहुण्याला घराबाहेर काढणं, आणि टिकवणं म्हणजे तो रोज बेल वाजवत असताना दार न उघडणं. आत्याने दार बंद ठेवलं होतं. वर्ष संपत आलं होतं. शेवटचं वजन या महिन्याच्या अखेरीस व्हायचं होतं.

आत्याने गाजराकडे पाहिलं. आता ती हसत नव्हती.

"ही चेष्टा नाही," ती म्हणाली. "मी नापास व्हायला हवी आहे कोणाला तरी."

२

आम्ही काकूला बोलावलं. काकू विमा कंपनीत दावे तपासते. वाऱ्याने आपला पियानो उडवून नेला असं एका माणसाने एकदा तिला शपथेवर सांगितलं होतं. काकू त्याला फक्त "बरं" म्हणाली आणि त्याच्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने त्याने पियानो कुठे आहे ते सांगितलं, शिवाय कोणी न विचारता एका मोटारसायकलचाही पत्ता दिला. हीच तिची पद्धत. ती "बरं" म्हणते आणि थांबते. माणसाला शांतता सहन होत नाही, तो तिच्यात काहीतरी ओततोच.

तिने डबा कानाशी धरून हलवला. काहीच आवाज आला नाही. मग तिने तो उघडून अगदी नाक आत घालून पाहिला. डब्याच्या चारही कोपऱ्यांत कागदाच्या छोट्या घड्या खोचलेल्या होत्या. गाजराच्या निमुळत्या टोकाखाली एक मऊ गुंडाळीही होती, उशीसारखी.

"गाजर कुठलं?"

"आमचंच," आत्या म्हणाली. "फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ढीग आहे. भूक लागली की मी गाजर चावते."

"बरं. घराच्या किल्ल्या कोणाकडे?"

"आमच्या तिघांकडे, आणि खाली दादाकडे. काल संध्याकाळी व्यायामशाळेतले मास्तर आले होते, व्यायामाचा पट्टा द्यायला. मी कपडे वाळत घालत होते. ते स्वयंपाकघरात एकटेच होते थोडा वेळ."

"एकेकाला पाठव," काकू म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

पहिले आले आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ते मुख्य स्वयंपाकी होते आणि निवृत्तीनंतरही पन्नास माणसांच्या अंदाजानेच रांधतात.

"तुम्हाला ते इंजेक्शन आवडत नव्हतं," काकू म्हणाली.

"कसं आवडेल? मी वाढायला गेलो की ती 'पुरे' म्हणते. आमच्या संसारात हा शब्दच नव्हता आधी."

"बरं."

आतोबांनी टॉवेलला हात पुसले. ते कोरडेच होते. "म्हणजे मला वाईट वाटतं, हे खरंय. पण तिचा भाऊ मरू दे असं वाटेल का मला? आणि एक सांगतो वहिनी, माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, पण ते गाजर नीट बघा. त्याला माती लागलीय, माती! मी न धुतलेलं गाजर औषधाच्या डब्यात ठेवीन? मला काही इज्जत आहे की नाही?"

चोरीपेक्षा गाजराचा अपमान त्यांना जास्त लागला होता. काकूने त्यांना सोडून दिलं.

दुसरी चिमणी, माझी आतेबहीण. पदवीच्या फोटोआधी गाल आत जावेत म्हणून तिने मागे एकदा आईकडे "मला पण एक टोच ना" असा हट्ट धरला होता.

"ही काय पावडर आहे का गं, घरात आहे म्हणून लावायला?" आत्याने तेव्हा तिला सुनावलं होतं. "डॉक्टरांनी माझ्या नावावर दिलंय, माझी तपासणी करून."

काकू चिमणीला काहीच बोलली नाही. तिने पर्समधून शिवणाची सुई काढली आणि दोरा ओवायला लागली. चिमणीने सुई पाहिली, "मा... मामी..." असं काहीतरी म्हटलं आणि भिंतीला टेकून सावकाश जमिनीवर बसली. आम्ही तिच्या तोंडावर पाणी मारलं.

"हिला पेन सापडलं असतं तर हीच त्याच्याशेजारी सापडली असती," काकू म्हणाली. "पुढे."

मास्तर व्यायामशाळेतून तसेच आले, गळ्यात शिट्टी घालून. औषधाला त्यांचा विरोध होता हे सगळ्यांना माहीत होतं. औषधाने वजन उतरवणं म्हणजे शिडी लावून डोंगर चढणं, असं ते सुरुवातीला म्हणायचे.

"मग काढलीत का शिडी?" काकूने विचारलं.

"मी बदललो, बाई!" मास्तरांचा आवाज चढला. "आधी मला वाटायचं, हिला जिद्द नाही. मग तिच्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. काही जणांचं शरीर हरवलेलं वजन परत मागतं, भूक दुप्पट करून मागतं. माझी शिट्टी तिच्या पायांनी ऐकली, हातांनी ऐकली. भुकेने कधी ऐकली नाही. ती औषधाचं ऐकते. आणि नुसत्या औषधाने ती सुकली असती, तिची ताकद टिकवली कोणी? मी! आम्ही दोघं मिळून करतोय हे, मी आणि ते पेन. माझ्या भागीदाराला मी का पळवीन?"

बोलता बोलता त्यांना रडू आलं. रडताना शिट्टी ओठांत असल्यामुळे हुंदका वाजत होता. ते डोळे पुसत गेले.

"तिघंही सुटले," मी म्हणाले. "मग राहिलं कोण?"

काकूने सुई पर्समध्ये परत खोचली.

"तुझे बाबा."

मी हसले. काकू हसली नाही.

३

"काकू, अगं, किडनी बाबांनाच मिळायचीय," मी जिना उतरताना म्हणाले. "ज्याचं घर जळतंय तो पाण्याचा बंब का पळवील?"

"म्हणूनच त्याला कोणी विचारत नाही," काकू म्हणाली.

बाबा काचेच्या दिव्यांच्या कारखान्यात पॅकिंग करतात. आजारी पडल्यापासून कारखाना थोडं काम घरी पाठवतो. आम्ही गेलो तेव्हा ते टेबलाशी बसून एका खोक्यात दिव्याचं झाकण बसवत होते. अंड्याच्या टरफलासारखं पातळ.

"ये, बस," ते काकूला म्हणाले. "ऐकलं मी. पोरखेळ आहे सगळा."

"भाऊजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? राहिलं एक महिना औषध, तर राहिलं. वाढलं वजन, तर वाढलं. बारकीने केलं तेवढं पुष्कळ केलं. दवाखाना काही पळून जात नाही. आणि मी यंत्रावर मजेत आहे."

"बरं."

बाबा काम करत राहिले. एक कागद घेतला, त्रिकोणी दुमडला, कोपऱ्यात खोचला. दुसरा घेतला. काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती.

"एवढं कशाला दुमडता?" तिने सहज विचारलं.

"वस्तू फुटते ती धक्क्याने नाही, मोकळ्या जागेने." बाबांनी खोकं कानाशी नेऊन हलवलं. "आवाज आला की परत सगळं उचकटायचं. हाताला सवयच लागलीय. डोकं दुसरीकडे असलं तरी हात करतात."

"बरं," काकू म्हणाली. या वेळी ती थांबली नाही. सरळ उठली. "संध्याकाळी सगळे वर या. तुम्हीही या, भाऊजी. मला चोर सापडलाय."

४

आत्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दाटीवाटीने उभे होतो. मध्ये ओट्यावर गाजर. आतोबांनी एव्हाना ते धुऊन घेतलं होतं.

"पेन न्यायचं तर नुसतं न्यायचं," काकूने सुरुवात केली. "आत गाजर कशाला? कारण चोराला ठाऊक होतं की बारकी रोज डबा उचलते, पण इंजेक्शनच्या दिवसाआधी उघडत नाही. म्हणजे चोर घरातला. मास्तरांना हे माहीत असायचं कारण नाही. इथपर्यंत ठीक?"

"ठीक," मास्तर म्हणाले, बऱ्याच मोठ्याने.

"आता डबा जड लागायला नुसतं गाजर पुरलं असतं. चोराने डब्याच्या चारही कोपऱ्यांना कागद लावले. टोकाखाली उशी दिली. गाजराला! दाव्यांच्या कामात मी तऱ्हेतऱ्हेचे चोर पाहिले, पण गाजराला धक्का लागू नये म्हणून काळजी घेणारा पाहिला नाही. असं कोण करेल? चोरी करताना ज्याचं डोकं जाग्यावर नव्हतं, पण हात होते. आयुष्यभर फुटणाऱ्या वस्तू भरलेले हात."

सगळ्यांचे डोळे बाबांकडे वळले आणि बाबांचे जमिनीकडे.

"दादा?" आत्या म्हणाली.

"परत देणार होतो," बाबा म्हणाले. "वजन झालं की लगेच. नीट ठेवलंय मी."

आत्या एवढ्या वेगाने जिना उतरली की क्रेनचा जिना फळाला आला म्हणायचा. बाबांना धरून आम्ही मागून पोचलो आणि त्यांनी आमच्या फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात हात घातला. बर्फाच्या तुकड्यांमागून त्यांनी एक पुडकं काढलं. वर कापड, आत कागद, त्याच्या आत ट्रे आणि ट्रेमध्ये पेन, जसंच्या तसं. चिमणीने टाळ्या वाजवल्या. आतोबांनी मास्तरांना मिठी मारली.

"बर्फात?" काकू म्हणाली. "बर्फात का ठेवलंत?"

"थंडीत ठेवायचं असतं ना? जास्त थंड, जास्त टिकेल."

काकूने वरून सोबत आणलेल्या डब्याच्या कडेवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. फ्रीजमध्ये ठेवावे. गोठू देऊ नये. गोठल्यास वापरू नये, टाकून द्यावे.

टाळ्या थांबल्या.

५

"का रे?" आत्या म्हणाली. "का केलंस असं?"

"तू नापास झाली असतीस तर तुझा दोष नसता आणि माझाही नसता," बाबा म्हणाले. "मी नको म्हटलं तर तू ऐकत नाहीस. म्हणून."

"पण का नको?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "हिची आई चालत आत गेली होती ऑपरेशनला. दारात वळून हात हलवला होता तिने. आता तू पण धडधाकट आत जाणार, माझ्यासाठी? मी बाहेर कसा बसू? मला नाही जगायचं तुला कापून."

मी काहीतरी विनोद शोधत होते. सापडला नाही.

आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली. लहानपणी बाबा तिला खांद्यावर घेऊन हिंडायचे म्हणे.

"दादा, नीट ऐक. वजन कोणाचं होतं?"

"तुझं."

"उतरवलं कोणी?"

"तू."

"किडनी कोणाची?"

बाबा पुडक्याचा कागद दुमडायला लागले.

"कोणाची?"

"तुझी."

"मग माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. लहानपणी माझा भोवरा पळवलास, मी आईला सांगितलं नाही. हे सांगणार. दवाखान्यात सगळ्यांना सांगणार, भावाने चोरी केली म्हणून. वर्षभर मी काय केलं माहितेय तुला? भीती मलाही वाटते. रोज त्या जिन्यावर वाटते. तरी चढते ना? तुला फक्त झोपून राहायचंय, टेबलावर. तेवढं पण होत नाही तुझ्याच्याने?"

बाबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. रडतच होते, पण मधे मधे हसतही होते.

"तू फार बोलायला लागलीस, बारके."

"पोट रिकामं असलं की बोलते मी. आणि आता महिनाभर रिकामंच असणार आहे, तुझ्या कृपेने."

तो महिना तसाच गेला. आत्याच्या डॉक्टरांनी पेन टाकून द्यायला लावलं. दुसरं बाजारात नव्हतंच. परत मिळेल तेव्हा लहान मात्रेपासून सुरू करू, म्हणाले, तोवर खाण्याची वेळ आणि व्यायाम सोडू नका. दुसऱ्या आठवड्यात कावळे परत आले, आणि एवढे दिवस गप्प बसवल्याचा राग धरून आले. बेकरीसमोरून जाताना आत्या रस्ता ओलांडायची. मास्तर तिच्या मागून चालायचे आणि ती बेकरीकडे वळली की शिट्टी फुंकायचे. एकदा रस्त्यातली सगळी वाहनं थांबली. आतोबा पन्नास माणसांचा अंदाज सोडून चौघांचं रांधायला शिकले आणि एके रात्री, आत्याने ताट पुढे केलं तेव्हा, स्वतःच्या तोंडाने "पुरे" म्हणाले. नंतर ते आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बसले. बाबा ज्या दिवशी यंत्रावर नसत, त्या दिवशी बंदराच्या फाटकापर्यंत तिच्यासोबत चालत. चार पावलं चालून थांबत, पुन्हा चार चालत. आत्या त्यांच्याभोवती फेऱ्या मारत राही, म्हणजे तिचा वेग मोडत नसे. बघणाऱ्याला वाटे, ही बाई या माणसाला गुंडाळतेय.

महिनाअखेरीस आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. वजनकाट्याच्या खोलीत एकाच नातेवाइकाला परवानगी होती, म्हणून सहाजण आत शिरलो. आत्याने चपला काढल्या, घड्याळ काढलं, केसांतली पिन काढली. चिमणीने डोळे मिटून घेतले. काट्यावरचे आकडे थरथरले, वर गेले, खाली आले, परत किंचित वर गेले आणि थांबले.

थोडं वाढलं होतं. पण रेघेच्या आत होतं.

"औषधाशिवाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"औषधाशिवाय," आत्या म्हणाली. "पण कायमचं औषधाशिवाय नको हं, डॉक्टर. जखम भरली की मला माझं पेन परत द्या. महिनाभर ठीक आहे, जन्मभर मी कावळे सांभाळणार नाही."

"देऊ. आणि जिना?"

"जिना कोण सोडतंय!"

मग नियमाप्रमाणे त्यांनी तिला एकटीला आत नेलं. किडनीबद्दल तुमच्यावर घरच्यांचा काही दबाव आहे का, असं दात्याला विचारावंच लागतं.

"प्रचंड आहे," आत्या म्हणाली. "देऊ नको म्हणून. चोरीपर्यंत गेलं प्रकरण."

आमच्यानंतर दोघांचा क्रमांक होता, त्यांना थांबवून डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत ऐकली.

ऑपरेशनच्या सकाळी आत्याला आधी नेलं. दारात ती वळली. बाबा श्वास रोखून बघत होते. तिने हात हलवला नाही, जीभ काढून दाखवली. मग बाबांनाही नेलं.

आम्ही बाहेर बसलो. आत्या सुखरूप बाहेर आली, हे आधी कळलं. बाबांचं कळेना. आतोबांनी नखं संपवली, मास्तरांनी शिट्टीची दोरी चावून तोडली. शेवटी एक सिस्टर मास्क खाली ओढत बाहेर आल्या आणि भर कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "तुमच्या पेशंटला लघवी झाली."

बाबांना ती होऊन खूप काळ लोटला होता. नवी किडनी कामाला लागली, याचा यापेक्षा पक्का पुरावा नसतो. आम्ही सगळे ओरडलो. आतोबांनी एका अनोळखी माणसाला उचललं. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि वॉचमन धावत आला. काकू, जिने पियानोवाल्याला बोलतं केलं होतं, ती सिस्टरच्या गळ्यात पडून "खरंच? खरंच झाली?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, मुलगा झाला का? चिमणीने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. तेही टाळ्या वाजवायला लागले.

आत्याला सांगायला मी गेले. ती अर्धवट गुंगीत होती, ओठ कोरडे पडलेले.

"किती?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"पिशवी भरली. दुसरी लावलीय."

आत्याने मूठ आवळली, सलाइनच्या नळीसकट वर उचलली.

"शाब्बास," ती म्हणाली.

मला वाटलं, मला म्हणतेय. मग वाटलं, बाबांना. मग लक्षात आलं, ती किडनीशी बोलत होती.